काळ्या कुंपणांच्या गावातलं अस्वल

काकुनोदातेला लोक वसंतात जातात. उत्तर जपानातल्या या लहानशा गावात सामुराईंची जुनी घरं आहेत, त्यांच्यासमोर रुंद, सरळ रस्ता आहे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत झुकणाऱ्या चेरीच्या फांद्या. एप्रिलच्या अखेरीस त्या फुलतात, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही गेलो नोव्हेंबरात. बाबा तेव्हाच माझ्याकडे आले होते, आणि त्यांना पायी हिंडता येईल असं एखादं जुनं गाव बघायचं होतं.

बाबांनी आयुष्यभर नाशिकला शाळेत भूगोल शिकवला. जपानचा नकाशा ते डोळे मिटून काढतील, पण देशाबाहेर पडले ते सत्तरी ओलांडल्यावर, आई गेल्यानंतर, माझ्या आग्रहाने. मी, नितीन आणि आमची इरा टोकियोजवळ ग्योतोकुला राहतो. तिथल्या आमच्या इमारतीत बाबांना रोज एक नवा धक्का बसायचा. पहिलीतली मुलं एकटी शाळेत जातात, हा एक. कचऱ्यात बाटली वेगळी, तिचं बूच वेगळं आणि तिच्यावरचा कागद वेगळा, हा दुसरा. पण सगळ्यात मोठा धक्का शांततेचा होता. "मंजू, इथे माणसं राहतात ना नक्की?" असं ते गॅलरीत उभे राहून विचारायचे. त्यांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं, कानात यंत्र घालतात. आठवड्याभरातच त्यांनी जाहीर केलं, "या देशात यंत्र घातलं काय आणि काढलं काय, सारखंच." आणि बाहेर वारा असला की यंत्र घोंघावतं म्हणून ते सरळ काढून खिशात ठेवायला लागले. मीही त्यावरून काही बोलले नाही.

शुक्रवारची सुट्टी टाकून मी आणि बाबा निघालो. इरा चौथीत आहे, तिची शाळा होती, म्हणून ती आणि नितीन घरीच राहिले. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मोरिओका गेल्यावर डोंगर जवळ आले, लाल, पिवळे, मधूनच काळपट हिरवे. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते.

स्टेशनबाहेर माहिती केंद्रातल्या बाईंनी नकाशा दिला आणि त्यावर ठेवलेलं एक पिवळं पत्रक आमच्याकडे सरकवलं. त्यावर अस्वलाचं चित्र होतं. यंदा अस्वलं फार उतरली आहेत, सकाळी लवकर आणि संध्याकाळी सांभाळा, असं त्या म्हणाल्या आणि अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून एक लहानशी घंटी माझ्या पर्सला अडकवून दिली. बाबांना मी हे सगळं मराठीत सांगितलं.

"अगं, आत्ता इथून शिंकान्सेन गेली," बाबा म्हणाले. "अस्वल कसलं येतंय? आणि ही घंटी कसली, म्हशीच्या गळ्यात बांधतात तशी!"

त्या दिवशी आम्ही पोटभर चाललो. गावाची आखणी चारशे वर्षांपूर्वीची. वरच्या अंगाला सामुराईंची वस्ती, खालच्या अंगाला व्यापाऱ्यांची, आणि मधे आग पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली जागा. घरांना उंच काळ्या फळ्यांची कुंपणं आहेत. कुंपणावरून मेपलची लाल पानं बाहेर झुकतात, आणि त्या काळ्यावर तो लाल रंग असा काही दिसतो की बाबा दर दहा पावलांवर थांबत होते. त्यांच्याजवळ जुना कॅमेरा आहे. फोनवर फोटो काढणं त्यांना मान्य नाही, त्यामुळे फोन त्यांनी माझ्याच पर्समध्ये टाकून दिला होता.

एका घरात आम्ही बूट काढून आत गेलो. गुळगुळीत लाकडी जमीन, गवती चटयांचा वास, आणि जवळपास काही नसलेल्या खोल्या. बाबांनी हळूच विचारलं, "यांचं सामान कुठाय?" सामान एवढंच, म्हटल्यावर त्यांना पटेना. आपल्याकडे श्रीमंताचं घर भरलेलं असतं, इथे श्रीमंताचं घर रिकामं, या गोष्टीवर ते पुढचा तासभर बोलत होते.

जेवणाचे मात्र हाल झाले. इथले सुरेख बारीक उदोन, म्हणजे गव्हाच्या शेवया, माशांच्या पाण्यात बुडवून खातात, आणि बाबा शाकाहारी. शेवटी मी नुसते उकडलेले उदोन मागितले. बाबांनी पिशवीतून चटणीची डबी काढली, ती उदोनवर पसरली आणि कालवली. हॉटेलचे मालक आतून येऊन बघून गेले. मग त्यांनी आपणहून धुरावर वाळवलेल्या मुळ्याच्या लोणच्याची बशी आणून ठेवली. होळीच्या दुसऱ्या दिवशी अंगाला जो वास येतो तसा त्या मुळ्याला वास होता. बाबांनी बशी संपवली.

जागोजागी पर्सिमनची झाडं होती. पानं झडून गेलेली आणि नुसती नारिंगी फळं लटकलेली. या फळाला जपानीत काकी म्हणतात, हे कळल्यावर बाबा दिवसभर हसत होते. एवढी फळं कुणी तोडत का नाही, त्यांनी विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

माणसांची गर्दी होण्याआधी फोटो काढावेत म्हणून आम्ही नाश्ता करून लवकर बाहेर पडलो. धुकं होतं. मोठा रस्ता सोडून आम्ही मागच्या एका गल्लीत शिरलो, जिथे पर्यटक येत नाहीत, साधी घरं आहेत. एका घराच्या दारात एक आजी सोललेली काकी दोऱ्यात ओवून वळचणीला टांगत होत्या. मी गुड मॉर्निंग केलं, त्यांनी कुठून आलात विचारलं, आणि माझ्या जपानीचं कौतुक केलं. त्यांचं नाव सासाकी-सान. माझ्या खांद्याला लागतील एवढी उंची. बाबा पुढे गेले होते. गल्लीच्या वळणावर त्यांचा मफलर मला दिसला, मग दिसेनासा झाला. मला काही वाटलं नाही. इथे हरवायला आहेच किती जागा!

तेवढ्यात खांबावरचा लाउडस्पीकर खरखरला. जपानात गावोगाव असे लाउडस्पीकर असतात, भूकंपाच्या सूचनेसाठी. बाईचा संथ आवाज होता, धुक्यात घुमणारा, प्रत्येक वाक्य दोनदा. मला त्यातला एकच शब्द आधी कळला. कुमा. अस्वल. मग गल्लीचं नाव. मग, घराबाहेर पडू नका.

मी वळायच्या आत सासाकी-सानने माझं मनगट पकडलं. इतकी वर्षं या देशात राहतेय, ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाचा हातही कधी मला लागलेला नाही. त्या आजींनी मला खेचून घरात घेतलं, दार सरकवलं आणि कडी लावली. ओट्यावर काकीची टोपली तशीच राहिली.

"माझे वडील बाहेर आहेत," मी म्हणाले. मी जपानीत म्हणाले की मराठीत, आता आठवत नाही, कारण त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांना ऐकू येत नाही, तेही सांगितलं.

बाबांना फोन लावला, आणि माझ्याच पर्समध्ये तो वाजला.

सासाकी-सानने भिंतीवरच्या फोनवरून पोलिसांना कळवलं. परदेशी गृहस्थ, पांढरे केस, तपकिरी मफलर, ऐकू येत नाही, गल्लीच्या टोकाकडे गेलेत. फोन ठेवून त्या दारापाशी आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मला जाऊ द्या," मी म्हणाले.

"नाही."

"ते म्हातारे आहेत."

"मीही म्हातारी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जाऊ देणार नाही."

मग त्यांनी त्या भागातल्या बोलीत, काही मला कळलं काही नाही, पण अगदी शांतपणे सांगितलं की पलीकडच्या घरातल्या बाई याच शरद ऋतूत सकाळी कचरा टाकायला गेल्या होत्या. कचऱ्याची पिशवी हातातच होती. जिवंत आहेत, हॉस्पिटलमध्ये आहेत, पण चेहरा... आणि सासाकी-सानने आपला तळहात स्वतःच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. तेवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. मी तिथेच बुटांच्या शेजारी खाली बसले.

मी खिडकीच्या फटीतून बाहेर बघत राहिले. आपल्या नाशिकला वस्तीत बिबट्या आला की काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. बिबट्या आला की आख्खी गल्ली बाहेर येते. गच्चीवर माणसं, झाडावर माणसं, मोबाइल वर धरलेले, वनखात्याच्या लोकांना पुढे जायला वाट नाही. इथे गल्ली घरात गेली होती. पडदे ओढलेले, एक माणूस नाही, एक आवाज नाही. फक्त तो संथ आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, बाहेर पडू नका, बाहेर पडू नका. आणि त्या रिकाम्या गल्लीत माझे बाबा, कानातलं यंत्र खिशात घालून, एकटे.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. सासाकी-सानने माझ्यापुढे चहा ठेवला, तो गार झाला. मग फोन वाजला. त्यांनी ऐकलं, दोनतीनदा "हाय", म्हणजे हो, म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तुमचे वडील सापडले. पोलिसांच्या गाडीत आहेत. लागलेलं नाही कुठे."

मी रडायला लागले. सासाकी-सान माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, अजून बाहेर जायचं नाही, अजून संपलेलं नाही. मला वाटलं, संपलं की! बाबा सापडले, मग आणखी काय संपायचं राहिलंय? अस्वलाचं काय होणार, हा विचारच माझ्या डोक्यात आलेला नव्हता.

बऱ्याच वेळाने आवाज झाला. मी आयुष्यात कधी बंदुकीचा आवाज ऐकला नव्हता. सिनेमातल्यासारखा तो नसतो. एखादी जाड फळी मोडावी तसा कोरडा. थोडं थांबून पुन्हा एक. सासाकी-सानने डोळे मिटले आणि हात जोडले.

लाउडस्पीकरने मोकळीक दिल्यावर मी धावत गेले. वळणापलीकडे पोलिसांची गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर बाबा बसले होते, कॅमेरा मांडीवर, दोन्ही हात त्यावर. दार उघडून मी त्यांना मिठी मारली. त्यांचं अंग बर्फासारखं गार होतं. मी त्यांच्या खिशातून यंत्र काढून त्यांच्या कानात घातलं आणि रागाने म्हणाले, "बाबा, का असं करता? का काढता हे?"

"मला आवाज ऐकू आला," ते म्हणाले. "यंत्र नव्हतं तरी ऐकू आला."

पलीकडे एका ओसाड घराच्या अंगणात निळं कापड अंथरलेलं होतं आणि चारसहा माणसं वाकून काहीतरी करत होती. मी तिकडे बघितलं नाही.

सासाकी-सानच्या घरी

सासाकी-सानने आम्हाला परत घरात नेलं. बाबांना खालून गरम होणाऱ्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसवलं, त्यांच्या खांद्यावर पांघरूण टाकलं. थोड्या वेळाने दार वाजलं. नारिंगी जाकीट घातलेला एक शिकारी होता, गावच्या पथकातला, बाबांच्याच वयाचा. झालं म्हणून सांगायला आला होता. सासाकी-सानने त्याला चहा दिला. तो बूट न काढता दारातल्या पायरीवरच बसला. कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"मंजू, त्यांना विचार," बाबा म्हणाले. "पिल्लांची आई होती का ती?"

मी विचारलं. शिकारी म्हणाला, नाही. लहान नर होता, आईपासून नुकताच सुटा झालेला. वाळलेला होता अगदी. यंदा डोंगरात झाडांना फळच धरलेलं नाही, हिवाळ्यात झोपण्याआधी पोट भरायचं तर ती खाली येतात. म्हणून घरोघरची काकी तोडून टाका असं सांगितलं आहे, पण ओसाड घरांची कोण तोडणार?

"इंजेक्शन देऊन बेशुद्ध नसतं का करता आलं? आमच्याकडे बिबट्याला करतात."

मी तेही विचारलं. तो रागावला नाही. औषध चढेपर्यंत वेळ लागतो, तेवढ्या वेळात बिथरलेलं अस्वल या गल्लीत कुणाच्या दारात शिरलं असतं, तो म्हणाला. मग म्हणाला, "लोक फोन करतात. गावच्या ऑफिसात, तिकडून मोठ्या शहरांतून. खुनी म्हणतात. मला हे आवडतं असं वाटतं त्यांना." त्याने आम्ही कुठून आलो विचारलं. मला टोकियोकडून असं सांगायला जीभ रेटेना. मी म्हणाले, भारतातून.

चहा संपवून तो उठला, आणि बाबांसमोर कमरेत वाकून बराच वेळ तसाच राहिला. मग काही बोलला. मी नेहमीच्या सवयीने वाक्य ऐकता ऐकता मराठी करत गेले.

"ते म्हणतायत, तुमचे आभार. तुमच्यामुळे आज कुणाला इजा झाली नाही. आम्ही वरच्या बाजूला शोधत होतो. तुम्ही बोट करून दाखवलंत म्हणून अस्वल झाडावर असतानाच..."

तिथे मी थांबले. बाबांनी दाखवलं, हे मला माहीतच नव्हतं.

मी बाबांकडे बघितलं. आई गेली त्या दिवशीही मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. ते शिकाऱ्याकडे बघत होते. नमस्कार नाही, मान हलवणं नाही. शिकाऱ्याला बहुधा कळलं. त्याने पुन्हा एकदा वाकून टोपी घातली आणि दार हळू सरकवून तो गेला.

निघताना सासाकी-सानने वाळलेल्या काकीची पिशवी दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकले, आणि जपानीत "आरिगातो", धन्यवाद, म्हणाले. जपानीतला तेवढा एकच शब्द त्यांनी दिवसभरात आपणहून उच्चारला.

परतीची गाडी

मोरिओका आलं. मग बाबांनीच सुरुवात केली.

"मला आधी वाटलं, कुणाचा तरी कोट झाडावर अडकलाय. कॅमेऱ्यातून बघत होतो ना. मग कोट हलला."

"किती लांब होतं?"

"आपल्या नाशिकच्या घराच्या दारापासून जिना असेल तेवढं."

मी डोळे मिटून घेतले.

"बेचक्यात बसलं होतं," ते म्हणाले. "पंजाने फांदी जवळ ओढायची, फळ तोडायचं, फांदी सोडून द्यायची. इतकं नीट! मला वाटलं, आता उतरेल. पाय हलेनात. त्याने बघितलं माझ्याकडे. बघितलं, आणि पुन्हा खायला लागलं. किती वेळ मी उभा होतो कोण जाणे. मग मागून कुणीतरी खांद्याला धरलं. पोलीस होता. तो काहीतरी विचारत होता, मला ना ऐकू येत होतं ना भाषा येते. मी झाडाकडे बोट केलं."

"बाबा, बरोबर केलंत तुम्ही. त्या पलीकडच्या बाईंचा चेहरा गेलाय. तुम्हाला काही झालं असतं तर?"

"हो. तेही खरं आहे."

"तुम्ही नसतं दाखवलं तरी त्यांना सापडलंच असतं."

"असेल."

"मग?"

"मग काही नाही," बाबा म्हणाले. "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. मी नाही कुठे म्हणतोय?" आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर अंधार पडायला लागला होता, काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता.

मला माझे बाबा धडधाकट परत मिळाले, त्या अस्वलासाठी मी रडू शकत नाही. आणि तरी त्या दोन आवाजांनी मी अजून दचकून उठते.

घरी पोचलो तर इरा दारातच उभी होती. मी फोनवर कळवलेलं सगळं नितीनने तिला सांगितलं होतं. तिला मराठी समजतं, पण घाईत असली की बोलते जपानीतच. आजोबांच्या कमरेला तिने घट्ट मिठी मारली आणि वर बघून विचारलं, "आजोबा, कोवाकात्ता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"भीती वाटली का, विचारतेय," मी म्हणाले.

बाबा बूट काढायला खाली बसले. एक बूट काढला, तो हातात धरून राहिले.

"मला वाटली," ते इराला म्हणाले. "त्याला नव्हती वाटली."